गडग्यापलीकडचा कुर्डू

पाऊस सरला की आमचा सडा, कातळाचं उघडं माळरान, झपाट्याने करपतो. गवत आधी पिवळं, मग तपकिरी, मग नुसती काडी... आणि त्या करपलेल्या पसाऱ्यात आमच्या घरापुढे, दगडी गडग्याला लागून, कुर्डू उभा असायचा — खाली रुपेरी पांढरा, टोकाला गुलाबी, कमरेएवढा उंच. भर दुपारीही त्याचं एक पान मान टाकत नसे. डोळे मिटले की मला आधी तो दिसतो आणि त्याच्यामागोमाग शेजारच्या तात्यांचा आवाज ऐकू येतो. त्या आठवणीतून तो आवाज वेगळा काढता येईल का, हे मी पुष्कळदा पाहिलं. येत नाही.

आमची वाडी राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर. घराखाली कातळ आणि कातळावर वीतभर तांबडी माती. प्यायचं पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर यायचं, त्यातला तांब्याभरही फुलांसाठी काढणं जिवावर येई. गडग्यापलीकडे मात्र तात्यांची हापूसची बाग होती — तिथे पंप होता, काळ्या नळ्या होत्या, जास्वंद आणि तगर बारा महिने ओली असायची. आईने झेंडू लावून पाहिला, अबोली लावून पाहिली. दिवाळीपर्यंत दोन्हींची सुतळी व्हायची. शेवटी तिने नाचणीच्या शेतातून उपटून बांधावर फेकलेला कुर्डू घरी आणला, वाळलेले तुरे सुपात चोळले आणि मोहरीहून बारीक, काळं चकचकीत बी राखेत मिसळून आगोटीला, पावसाच्या आधी, गडग्यालगत पेरलं.

"तण पेरतेस काय गो?" वाडीतल्या बायका हसायच्या.

"फुलतंय ना? मग झालं," आई म्हणायची.

पावसात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी व्हायची — कांदा, ओलं खोबरं आणि चुलीचा ओलसर धूर, तो वास अजून नाकात आहे... मग तुरे यायचे आणि पौर्णिमेला ते आम्ही विहारात न्यायचो. बाकीच्यांची फुलं संध्याकाळी माना टाकायची, आमची तशीच ताठ. विहारातले एक आजोबा म्हणायचे, "फूल कोमेजायला हवं गो, त्यातनंच माणसानं शिकायचं." आई म्हणायची, "आमची जरा मठ्ठ हायत, बाबा. उशिरा शिकतात."

तात्यांना तो कुर्डू डोळ्यांसमोर नको होता. गडग्यावर हात टेकून ते म्हणायचे, "उपटून टाक तो. माझ्या बागेत येईल."

"माझ्या जागेत हाय, तात्या."

"तुम्हा लोकांना जागा मिळाली तरी तिचं काय करावं ते कळत नाही."

हे वाक्य ते शांतपणे बोलले होते. मी तेव्हा लहान होते. तरी 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्या वर्षी बागेची बेणणी निघाली. कलमांखालचं रान कापायचं आणि उन्हात मुळं गार राहावीत म्हणून तेच बुंध्यांभोवती पसरायचं, अशी आमच्याकडची रीत. बेणणीचे गडी बाग संपवून गडगा ओलांडून आमच्याकडे आले. तात्या त्यांच्यामागे उभे राहिले. विळे कुर्डूच्या बुंध्यातून फिरत गेले तसा आवाज होत होता — कोरडा, कचाकचा. तुरे बीने भरलेले होते. आई विहिरीवरून आली तेव्हा डोक्यावरचा हंडाही न उतरवता तशीच उभी राहिली. तिने त्यांना अडवलं नाही. गडी भारे बांधून पलीकडे नेत होते आणि एकेका कलमाच्या बुंध्याशी पसरत होते. मी हुंदके देत होते.

"गप," आई म्हणाली. "काय करतायत ते बघ तरी."

ती असं का म्हणाली, ते पुढच्या आश्विनात कळलं. तात्यांची सबंध बाग कलमांखालून गुलाबी झाली होती.

तात्या गडग्याशी आले. "माझ्या बागेत येऊन बी टाकलंस."

"मी कशाला टाकू? तुमीच नेलंत, भारे बांधून."

"तोंड सांभाळ."

"सांभाळलंय. म्हणून तर वर्षभर काय बोलले नाय."

मला वाटलं, आम्ही जिंकलो. पण तात्यांनी मुंबईला बाबांकडे निरोप धाडला आणि मे महिन्याच्या रजेत बाबा सिमेंटच्या गोणी घेऊन आले. "त्यांच्याशी वैर आपल्याला झेपणारं नाय," ते आईकडे न बघता म्हणाले आणि घरापासून गडग्यापर्यंत सगळ्या मातीवर त्यांनी कोबा घातला. फुलांना कधी विहिरीचं पाणी मिळालं नव्हतं. कोबा तडकू नये म्हणून मात्र आई हंडे आणून सकाळ-संध्याकाळ त्यावर ओतत राहिली.

आता मी रत्नागिरीत शिकते, मांडवीला खोली घेऊन राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तात्या वारले. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे मला कळतं, पण तो जावा असं मला वाटत नाही... बाबांवरचाही थोडा आहेच.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा तात्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. कलमांखाली कुर्डू तसाच माजला होता आणि तो मोबाईलवर त्याचे फोटो काढत होता. आई कोब्यावर नाचणीची कणसं वाळत घालत होती. तो गडग्याशी येऊन आपुलकीने म्हणाला, "काकी, किती छान फुलतं हे, आणि पाणीसुद्धा लागत नाही! बी देऊ का थोडं? लावा तुमच्या अंगणात."

आईने हातातली कणसं सुपात ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, मग पायाखाली.

"नको," ती म्हणाली. "माती नाय आमच्याकडं."

"बरं," तो म्हणाला आणि वाकून पुढचा फोटो काढू लागला.