चोवीसची स्प्रिंग

आमची ताई विद्यापीठात पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते आणि तिथला राग घरी घेऊन येते. मी टॅक्सी चालवतो. संध्याकाळी शेवटचं भाडं सोडलं की तिला आणायला जातो, आणि तिचं आवरेपर्यंत प्रयोगशाळेत मागच्या स्टुलावर बसून राहतो. त्यामुळे तो विषय मला ओ की ठो कळत नसला, तरी तिथे तो कसा चालवतात ते चांगलंच कळलंय.

पोरं तिला मागून 'काय बाई' म्हणतात. कुणी उत्तर नुसतं 'पाच' लिहिलं, की ती विचारते, पाच काय? मीटर, सेकंद, की केळी? एकक नसलेल्या आकड्याला तिच्याकडे शून्य. घरीही तोच जाच. आईने भाजीत मीठ जरा कमी आहे म्हटलं, की ही विचारणार, जरा म्हणजे किती. दाजींनी लग्नाआधी तिला 'तू मला फार आवडतेस' असं सांगितलं, तेव्हा हिने 'कुणापेक्षा?' असं विचारलं होतं म्हणे. तरी त्यांनी लग्न केलं. माणूस धीराचा आहे.

तर हा विषय असा चालतो. मोठ्या हॉलमध्ये व्याख्यानं, दर आठवड्याला घरी सोडवायची गणितं, दोन चाचण्या, एक मोठी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं. बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी पडले तरी प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं. तिथे गेलं की विषय गेला आणि वर्षही गेलं. शिकवायचं ताईने, पण प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायच्या संशोधन करणाऱ्या पोरांनी, आणि त्यांच्या हातात विभागप्रमुखांची उत्तरतालिका. आकडा जुळला की मार्क. मोजण्याला मार्क द्या, असं ताई वर्षानुवर्षं सांगतेय. एवढ्या वह्या कोण वाचत बसणार, असं प्रमुख वर्षानुवर्षं म्हणतायत.

यंदा स्प्रिंगचा प्रयोग आला. स्प्रिंगला वजनं टांगायची, ती किती ताणली ते पट्टीने मोजायचं, आलेख काढायचा आणि त्यावरून स्प्रिंग किती कडक आहे तो आकडा काढायचा. जुन्या स्प्रिंगा लोंबून लोंबून कामातून गेल्या होत्या, म्हणून ताईनेच भांडभांड भांडून नव्या आणवल्या. जुन्यांचा आकडा चोवीस यायचा. नव्या जास्त कडक, त्यांचा एकतीस येतो. तालिका बदला, असं ताईने प्रमुखांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि तालिका तशीच ठेवली.

आणि अख्ख्या वर्गाला चोवीस आलं. गेल्या वर्षीच्या पोरांच्या वह्या आणून उतरवून काढल्या, दुसरं काय! जी स्प्रिंग भंगारात गेली, तिची मापं या दिवट्यांनी दशांशासकट लिहिली आणि दहापैकी दहा मार्क खिशात घातले.

एका मुलीला मात्र एकतीस आलं. आजारपणामुळे ती वर्गात उशिरा आली होती, पहिले काही प्रयोग बुडाले होते, म्हणून तिला एकेक मार्क महत्त्वाचा होता. मी स्टुलावरून बघत होतो. सगळे निघून गेले तरी ही तेच वजन काढतेय, परत टांगतेय, वाकून पट्टी बघतेय. आजूबाजूला सगळ्यांचं चोवीस, त्यामुळे तिला स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागली होती. मला सपाटून भूक लागली होती, पण तिला आवर म्हणवेना. तिला दहापैकी दोन मिळाले. खाली लाल शेरा होता, 'निरीक्षणे चुकीची'. आता एकच प्रयोग उरला होता, लंबकाचा. त्यात पैकीच्या पैकी पडले तरच ती काठावर वाचणार होती.

ताई तडक प्रमुखांच्या खोलीत गेली. मी तिची पिशवी धरून दारात उभा. मुलीला दहा द्या आणि बाकीच्यांकडून प्रयोग पुन्हा करून घ्या, एवढंच तिचं म्हणणं. प्रमुख शांत होते. असल्या माणसांच्या शांतपणाचीच मला चीड येते. मार्क चढवून झालेत, वेळापत्रकात जागा नाही, पालक तक्रारी करतील, असं सगळं सांगून त्यांनी तोडगा काढला. त्या मुलीला थोडे ग्रेस मार्क देऊन टाकू.

"ग्रेस चुकलेल्याला देतात," ताई म्हणाली. "ती चुकलेली नाही."

"मॅडम, एका स्प्रिंगपायी तुम्ही सगळा वर्ग वेठीला धरताय."

"तुमचा सगळा वर्ग खोटं बोललाय. त्याला तुम्ही दहा दिलेत."

पुढच्या वर्षी तालिका बदलू, असं म्हणून त्यांनी फोन उचलला. ताईने ग्रेस साफ नाकारला आणि लंबकाच्या वह्या मी स्वतः तपासणार असं बजावून ती बाहेर पडली. गाडीत बसेपर्यंत माझाही तोल गेला होता. माझ्या मीटरने खोटा आकडा दाखवला तर माझं लायसन्स जातं, आणि इथे खोट्या आकड्याला शाबासकी! मी त्या माणसाला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. ताईने एरवी मला गप्प केलं असतं, त्या दिवशी केलं नाही. पण ग्रेस हवा की नको, हे त्या मुलीला कुणीच विचारलं नव्हतं. ताईनेही नाही.

लंबकाच्या दिवशी मी नेहमीच्या जागी होतो. मुलगी लवकर आली, लवकर उठली आणि सगळ्यांच्या आधी वही घेऊन ताईसमोर उभी राहिली. ताईने पान उघडलं. उत्तर नऊ पूर्णांक आठ, तालिकेत होतं तेच. एकक जागच्या जागी. निरीक्षणं इतकी गुळगुळीत, की कुठे खोडलेलं नाही, एक आकडा इकडचा तिकडे नाही. मागे टेबलावर तिचा लंबक तसाच होता, दोराही न सोडलेला.

ताईने आधी ते पान बघितलं, मग मागचा तो लंबक.

"मोजलंस?"

"नाही."

"का गं?"

"मागच्या वेळी मोजलं होतं, मॅडम."

ती हे उद्धटपणे बोलली नाही. विचारलं म्हणून सांगितलं. ताईने पेन उघडलं, दहापैकी दहा लिहिले, खाली सही केली आणि वही परत देताना तिच्याकडे बघितलं नाही.