गाठ मारलेलं निर्माल्य

शिळ्या झेंडूचा वास आला की पंचगंगेचा पूल आठवतो आणि डोकं तापतं. त्या सकाळी एका गृहस्थांनी पुलावर स्कूटर थांबवली, निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी कपाळाला लावली आणि कठड्याबाहेर हात काढला. मी ओरडलो, "अवो पावणं, पिशवी तरी काढून घ्या की!" ते माझ्यावरच खेकसले, "पाणी किती घाण हाय बघा की! देवाची फुलं खराब हुतील म्हणून तर गाठ मारलीया." पिशवी खाली पडली आणि त्यांनी भक्तिभावानं हात जोडले. फुगलेली पिशवी डुलत पुढं गेली. एव्हाना ती समुद्रात पोचली असेल. आतल्या फुलांचा चिखल झाला असेल, पण गाठ अजून सुटली नसेल.