हुंकार

शेजारच्या सुमनकाकू दुपारी गॅलरीत बसून परगावच्या नातीला फोनवर गोष्ट सांगतात. त्यांची अट एकच. "हं म्हणत राहा गं, नाहीतर माझी गोष्ट पुढे सरकत नाही." नातीचं 'हं' यायला उशीर झाला की काकू थोडं मागे जातात आणि कोल्ह्याला पुन्हा सावकाश विहिरीत उतरवतात.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्ग चिडीचूप असला की धडा छान रंगलाय, असंच समजत राहिले. मुलं कुठे अडली, ते मला कधी कळलंच नाही.

आज पलीकडून हुंकार येईना. नात झोपली असावी. काकू अर्ध्या वाक्यात थांबल्या आणि फोनकडे बघत राहिल्या.

मी माझ्या गॅलरीतून म्हटलं, "हं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोल्ह्याला विहिरीतून वर काढलं.