धूर कामाला लावणारा माणूस

जळगाव जामोदच्या पुंजाजींची गाडी राजूरचा घाट चढत असे, पण एका अटीवर. देवीच्या ठाण्याजवळ जे उभं वळण आहे, तिथे शालूबाईंनी खाली उतरायचं. मग गाडी गुरगुरत, काळा धूर ओकत, पहिल्या गिअरमध्ये वळण पार करी आणि वरच्या सपाटीवर मालकिणीची वाट पाहत उभी राही. शालूबाई पदर खोचून, देवीला हात जोडून सावकाश चालत वर येत. 'तेवढंच दर्शन होते,' असं म्हणत. सामान चालू शकत नव्हतं, मुलगी प्रेरणा तेव्हा लहान होती आणि पुंजाजी गाडी चालवत होते. उरलं कोण? नवऱ्याची अब्रू राखायला बायकोला किती भक्ती करावी लागते, हे त्या देवीइतकं कुणाला ठाऊक नसावं.

हे सगळं घाटातच राहिलं असतं तर चाललं असतं. पण शालूबाईंचं माहेर लोणारकडचं सुलतानपूर, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, आणि तिथे त्यांचे धाकटे भाऊ गुलाबराव. गुलाबरावांकडे बरीच जमीन, उंच पांढरी नवी गाडी आणि एकच विनोद होता. बहीण फाटकात आली की ते चार माणसांत विचारत, "काऊन अक्का, गाडीत बसून आली का गाडीसंग चालत आली?"

चार माणसं हसत. शालूबाई हसत. पुंजाजीही हसत, फक्त हसताना त्यांचा हात बॉनेटवर जाई, जणू गाडीच्या कानावर ठेवलाय.

गाडी तशी वाईट नव्हती. नांदुऱ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, डिझेलवर चालणारी, साध्या इंजिनाची छोटी गाडी. सपाटीवर तिची कुणाशी स्पर्धा नव्हती, कारण ती स्पर्धेत उतरतच नसे. विकून दुसरी घेणं पुंजाजींना मान्य नव्हतं. चालती वस्तू टाकून देणं त्यांच्या लेखी पापात जमा होतं, आणि त्यांची पापाची यादी एवढीच होती. पिठाची चक्की चालवून आयुष्य गेलेलं. भिंतीवर उडालेलं पीठसुद्धा ते संध्याकाळी कुंच्याने झाडून शेजारच्या म्हशीला घालत. कंजूष म्हणाल तर तसं नाही. पाहुण्याच्या पुरणपोळीवर तूप ओतताना त्यांचा हात कधी आखडला नाही. पण गाडी अंगणात शिरायच्या आधी इंजिन बंद झालेलं असे. फाटकापासून ओसरीपर्यंत ती नुसत्या गतीवर येई. घाट उतरतानाही तेच. चावी बंद, गिअर न्यूट्रल, आणि गाडी वाऱ्यावर. "उतार फुकट असते," ते म्हणत. तालुक्यातल्या बहुतेक गाडीवाल्यांचं शिक्षण याच विद्यापीठात झालेलं होतं.

प्रेरणा डिप्लोमा करून खामगावच्या एका कारखान्यात लागली. एका रविवारी घरी आलेली असताना तिने जेवताजेवता टर्बोचं नाव काढलं.

"सायलेन्सरातून जो धूर जाते न बाबा, त्याच्या जोरानं एक पंखा फिरते. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा. थो इंजिनात हवा कोंबते. हवा जादा, तर जोर जादा."

पुंजाजींचा घास हातात राहिला. "म्हंजे आपला धूर आतालोक वाया जाऊन राह्यला?"

"हाव."

"इतके वर्स?"

"हाव, बाबा."

पुंजाजींनी ताट सरकवलं. घरात कुणी वारल्याची बातमी यावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्या दिवसापासून रस्त्यावर कुठलीही गाडी धूर सोडत गेली की ते हळहळू लागले.

नांदुऱ्याचा गणेश मिस्त्री त्यांच्या ओळखीचा. उलटलेल्या एका छोट्या टेम्पोचा टर्बो त्याच्याकडे कोपऱ्यात पडला होता, गोगलगायीच्या शंखासारखा. पुंजाजींनी तो गाडीला बसवायचा म्हटल्यावर गणेश बराच वेळ गाडीकडे आणि मग पुंजाजींकडे पाहत राहिला.

"काका, म्हाताऱ्याले पैलवानाचं फुप्फुस लावायचं म्हणता?"

"म्हाताऱ्याची तयारी आहे. तू तुयी सांग."

पुढचे कित्येक रविवार यात गेले. प्रेरणाने मापं काढली, गणेशने जाड लोखंडी प्लेट कापून टर्बो बसवायची जागा केली, तेल आणणारी बारीक नळी इंजिनातून काढली आणि ते परत जायला खालच्या चेंबरला भोक पाडून तोटी जोडली. हवेसाठी बाजारातला खास पाइप पुंजाजींनी हातात घेतला, किंमत ऐकली आणि आदराने परत ठेवला. त्याऐवजी विहिरीवरच्या मोटारपंपाचा जाड पाइप आला. डिझेल पंपाचा स्क्रू किंचित पिळला गेला. पुंजाजींना आणखी पिळायचा होता, पण प्रेरणाने पाना काढून घेतला. "इंजिन जुनं आहे. जोर कमीच ठेवू." शेवटी तिने एक सूचना दिली.

"चढ चढून आले का इंजिन लगेच बंद नका करू. टर्बो लाल तापलेला असते. इंजिन बंद झालं का तेल फिरनं बंद, अन् अंदरचं तेल जळून कोळसा होते. थोडा वेळ चालूच राहू द्या."

"उभी गाडी चालू ठिवू?"

"हाव."

पुंजाजींनी मान हलवली. गिऱ्हाइकाने 'जरा बारीक दळा' म्हटलं की ते हलवत, तशीच.

सातपुड्याच्या पायथ्याच्या चढावर पहिली फेरी झाली. आधी काहीच नाही. मग बॉनेटखालून बारीक शीळ आली, आणि गाडीला मागून कुणीतरी खांदा लावावा तशी ती वर निघाली. पुंजाजी एकटेच होते, तरी त्यांनी आजूबाजूला पाहून घेतलं. माथ्यावर पोचले आणि सवयीने, चाक थांबायच्या आत, चावी बंद केली. परतीचा उतार फुकट होता, तोही त्यांनी फुकटच घेतला.

असे काही आठवडे गेले. मग शिळेच्या जागी चक्कीत खडा जावा तसा आवाज यायला लागला, मागून निळा धूर निघाला आणि गाडी पुन्हा पूर्वीची झाली. गणेशने टर्बो खोलला. आतला दांडा जाम, भोवती तेलाचा काळा कोळसा.

प्रेरणाने बापाकडे पाहिलं. बापाने कोळशाकडे. "मी सांगतलं होतं," असं ती म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

दुसरा टर्बो गणेशकडे होता, पण मोबदल्यात त्याला पुंजाजींचं जुनं ऑइल इंजिन हवं होतं. वीज येण्याआधी त्यावर चक्की चालायची. वीज आल्यावरही पुंजाजी दर दसऱ्याला त्याला तेलपाणी करून झेंडूचा हार घालत. शालूबाईंना वाटलं, आता हा नाद सुटला. पुंजाजी एक दिवस त्या इंजिनाजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते टेम्पोत चढवून नांदुऱ्याला गेले.

नवा टर्बो बसला आणि पुंजाजी या वयात थांबायला शिकू लागले. तशी वेळ मोजायला त्यांनी स्वतःची रीत काढली: गाडी उभी करायची, चंची काढायची, तंबाखूला चुना लावायचा, निवांत मळायचा, झटकायचा, आणि चिमूट ओठाखाली गेली की मगच चावी फिरवायची. प्रेरणाला यातला टर्बोचा भाग पटला. गल्लीतली माणसं मात्र धावत येत.

"पुंजाजीभाऊ, गाडी चालूच राह्यली हो!"

"मालूम आहे," पुंजाजी म्हणत. डोळे मात्र डिझेलच्या काट्यावर असत.

आणि मग सुलतानपूरहून बोलावणं आलं. गुलाबरावांच्या नव्या घराची वास्तू. गुलाबराव फोनवर शालूबाईंना म्हणाले, "अक्का, चपला मजबूत घालजो."

शालूबाईंनी फोन ठेवला आणि खरंच चालायला जुन्या मजबूत चपला बाहेर काढल्या, नव्या चपला पिशवीत टाकल्या. पुंजाजींनी ते पाहिलं.

गाडी पुरती भरली. पुढे शालूबाई, मागे प्रेरणा आणि नांदुऱ्यात बसलेल्या अन्नपूर्णाबाई मावशी. मावशी नावाला जागणाऱ्या होत्या; त्या बसल्यावर गाडीचा मागचा भाग रस्त्याच्या जवळ आला. डिकीत आहेराचा तांब्याचा हंडा आणि चक्कीचं ताजं पीठ. मोताळा मागे पडलं, राजूर आलं, घाट सुरू झाला. शीळ लागली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, धूर न ओकता, भल्या माणसासारखी चढू लागली.

देवीचं वळण समोर आलं, आणि वळणावर मेंढ्या. अख्खा कळप रस्ताभर पसरून, कसली घाई नसल्यासारखा वर जात होता. पुंजाजींना ब्रेक दाबावा लागला. गाडी उभी राहिली, ती नेमकी सगळ्यात उभ्या जागी.

मेंढ्या गेल्या. मागे ट्रकचा हॉर्न वाजला. शालूबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. पाय आधीच चपलेत होते.

"बस," पुंजाजी म्हणाले.

"अहो, काऊन जिद्द करता? मी जातो न देवीले हात जोडून."

"इथूनच जोड. दरवाजा लाव."

दार लागलं. क्लच सुटला. गाडी हातभर पुढे गेली आणि धापा टाकू लागली. अशा वेळी टर्बो पटकन जागा होत नाही; आधी इंजिनाने धूर द्यावा, मग त्याने जोर द्यावा, असा त्याचा व्यवहार. पुंजाजींचा पाय खाली गेला तसा वर येईना. मावशी म्हणाल्या, "मी उतरू का बाप्पा?" प्रेरणा काच खाली करून कान देऊन बसली होती.

मग शीळ आली. आधी बारीक, मग भरलेली. गाडीने छाती काढली आणि वळण घेतलं. देवीचं ठाणं खिडकीतून मागे गेलं. शालूबाईंनी बसल्याबसल्या हात जोडले. बरंच अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "देवीले चुकल्यासारखं वाटलं असन."

पुंजाजींनी सपाटीवर, जिथे ते नेहमी थांबत, तिथे न थांबता गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.

सुलतानपूरला गुलाबराव फाटकातच उभे होते, मागे पाहुण्यांची रांग. गाडी आत आली, तीही इंजिन चालू ठेवून. मावशी उतरल्या, प्रेरणा उतरली. पुंजाजींनी चंची उघडली. शालूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"काऊन अक्का," गुलाबरावांनी सुरुवात केली, "गाडीत बसून..." आणि बहीण गाडीतच बसलेली पाहून थांबले. मग दुसरी बाजू धरली. "भाऊजी, बंद करा न गाडी! डिझेल जळून राह्यलं."

पाहुणे पाहत होते. पुंजाजी तंबाखू मळत होते.

"जळू द्या," ते म्हणाले.

शालूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस कशाबद्दलही असं बोलला नव्हता. त्यांनी काच खाली केली.

"थांब जरा गुलाब," त्या म्हणाल्या. "आमचा टर्बो थंडा होऊन राह्यला."

चिमूट ओठाखाली गेली. पुंजाजींनी चावी फिरवली. मग शालूबाईंनी पिशवीतून नव्या चपला काढल्या, पायात घातल्या आणि सगळ्यांच्या शेवटी, सावकाश, गाडीतून उतरल्या.