राहायला कुऱ्हाड, यायला कोयता

चैत लागला की एखाद्या संध्याकाळी मुखरूभाऊ अंगणात पोतं अंथरायचे. पोत्यावर एका बाजूला कुऱ्हाड ठेवायची, दुसऱ्या बाजूला कोयता. मग गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून समोर उकिडवं बसायचं आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहायचं. एकाच घरातल्या दोन बहिणी दाखवल्यावर नवरदेवाची जी गत होईल, ती त्यांची व्हायची. कुऱ्हाडीच्या दांड्यावरून हात फिरवायचे, कोयत्याच्या धारेला अंगठा टेकवायचे, मागे सरकून पुन्हा बघायचे. चुलीपाशी बसलेली त्यांची बायको सायत्राबाई तिथूनच विचारायची, "झाली काय जी पसंती? का सोयऱ्याइले उद्या पुन्हा बलावू?"

आमचं गाव सावली तालुक्यातलं. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये एक काटेरी कुंपण, तेही मध्येच मोडलेलं. पावसाळ्यात मुखरूभाऊ धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, हिवाळ्यात तलावावर जाळं घेऊन, आणि चैतात मोह वेचायला जंगलात. मोहाची झाडं आमच्याकडे घराघराची ठरलेली असतात. जंगल सरकारचं, पण झाडाखालचं फूल त्या त्या घराचं, याबद्दल कोणी भांडत नाही. मुखरूभाऊंची झाडं आणि आमची झाडं शेजारीशेजारी होती, पण पार आत. फूल पहाटे गळतं, आणि उशीर झाला की हरणं नि अस्वलं फस्त करतात. म्हणून हंगामभर तिथेच झाडाखाली झोपडी घालून राहावं लागतं. शहरातली माणसं ज्याला कॅम्पिंग म्हणतात ते आमच्या बापजाद्यांनी असं केलं आहे, पोटासाठी.

अवजार मात्र एकच न्यायचं. डोक्यावर तांदूळ, भांडी, ताडपत्री, पाण्याची कॅन; वरून दोन लोखंडं कोण वाहणार? आणि दोन्ही दिसली की जंगलाच्या नाक्यावरच्या गार्डला वाटायचं, हे फूल वेचायला नाही, झाड पाडायला चालले. एका घराचं एक अवजार तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

मुखरूभाऊंचा जीव कुऱ्हाडीवर. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "राहाचं असन त कुऱ्हाड, याचं असन त कोयता." म्हणजे जिथं मुक्काम करायचा तिथं खांब तोडायला, खुंट्या ठोकायला, शेकोटीचा ओंडका फोडायला कुऱ्हाड पाहिजे, जाऊन परत यायचं असेल तर वाटेतल्या फांद्या झोडायला कोयता पुरे. सायत्राबाईला हे मान्य नव्हतं. तिच्या मते कोयत्यानं बांबू चिरतो, झोपडी बांधता येते, सरपण होतं आणि कांदाही कापता येतो.

"तुमची कुऱ्हाड कांदा कापते काय जी?"

"कांद्यासाठी मी जंगलात नाई जाऊन राह्यलो. मोठा आला त तू त्याले कांदा दाखवजो."

"मोठा तुमच्या कुऱ्हाडीलेबी भेत नाई. तुमी बोलत राहा, तुमचं आयकूनच पळून जाते."

मोठा म्हणजे वाघ. जंगलात आम्ही त्याचं नाव घेत नाही. मोठा म्हणतो, नाहीतर पाहुणा.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी सांगतेच, लपवायचं कशाला? बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी आईसोबत मोहाला गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुखरूभाऊंनी मला कुंपणातून हाक मारली. पोत्यावर दोघी मांडलेल्या होत्याच.

"ये इकडं. कॉलेजवाली हायेस. न्याय कर."

मी म्हटलं, "कुऱ्हाड न्या. शेकोटी पाहिजे."

मुखरूभाऊंनी मांडीवर थाप मारली. सायत्राबाईनं माझ्याकडे बघून मान हलवली. "चांगली पोरगी होती बापा. शिकून बिघडली."

त्या वर्षी झोपडी काही जमली नाही. कुऱ्हाडीनं बांबू चिरेना, नुसता फुटे. कामट्या वेड्यावाकड्या निघाल्या, छप्पर एका अंगाला कललं. सायत्राबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मानसानं बांधली का अस्वलानं?" मुखरूभाऊ म्हणाले, "अस्वलाले एवढं जमते काय?" पण वाळून पडलेल्या धावड्याचा जो ओंडका त्यांनी शेकोटीला लावला, तो सकाळीही एका टोकाला लाल होता.

आणि दुसऱ्या टोकाला राखेत पंजा उमटलेला होता. शेजारी नाही, राखेतच. आम्ही उठून बघतो तर ताटलीएवढा, बोटं स्पष्ट. माझ्या आईच्या हातातली टोपली खाली पडली. सायत्राबाईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "पावना शेकून गेला जी. चहा तरी इचाराचा." मग आम्ही सगळे हसलो, भीतीनं जसं हसू येतं तसं, थांबेना. मुखरूभाऊंनी तो पंजा पायानं पुसला. "पाहा," ते बायकोला म्हणाले, "ओंडका होता म्हून शेकूनच गेला. तुह्या कोयत्याच्या काड्या असत्या त विझल्या असत्या, अन् मंग थो आत आला असता."

पुढं मला पर्यटकांच्या एका कॅम्पवर नोकरी लागली. वाघ बघायला येणाऱ्यांचे फोन घ्यायचे, तंबू नोंदवायचे. शनिवारी मी गावी यायची. एकदा एका मुलानं फोनवर विचारलं, मॅडम, कॅम्पिंगला कुऱ्हाड आणू की मोठा सुरा? मी हे मुखरूभाऊंना सांगितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू त्या मुलानं त्यांनाच फोन केला होता.

"ते काऊन जातेत? मोह वेचाले?"

"नाही भाऊ. राहायला. मजा म्हणून."

"मजा म्हून जंगलात राहाले?" ते खर्रा चघळत राहिले. "मंग त्याले सांग, कोनतंबी ने. मजेले काय लागते? पन राहाचं असन त..."

"कुऱ्हाड. सांगितलं मी."

"सांगितलं? माह्यं नाव घेतलं काय?"

त्यानंतर दर शनिवारी मी बसमधून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला: "काय इचारलं पावन्याइनं?" मी काहीबाही सांगायची. कोणी गवतातल्या किड्यांचं विचारी, कोणी चार्जिंगचं. त्यांना फक्त अवजाराचं ऐकायचं असायचं. एवढा आनंदी म्हातारा मी त्या दिवसांत दुसरा पाहिला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं लिहायला आनंदाचं काही नाही.

एका पावसाळ्यात ते बांधावरून पडले आणि उजवा खांदा गेला. हाड बसलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. लाकूड फोडायची वेळ आली की "आज मन नाई" म्हणायचे. सायत्राबाईनं ओळखलंच होतं. चैत आला, पोतं अंथरलं गेलं, आणि या वेळी चुलीपाशी बसून थट्टा न करता ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. त्या शनिवारी मी घरी होते, कुंपणापलीकडून ऐकलं.

"यंदा कोयता नेऊ जी. माह्यासाठी."

"तुह्यासाठी काऊन?"

"मले झोपडी सरळ पायजे. एकदा तरी."

मुखरूभाऊ हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोचं ऐकलं. तिनं त्यांचा खांदा झाकला आणि त्यांनी तो झाकू दिला. कुऱ्हाड भिंतीवरच्या खुंटीला टांगली गेली.

आमच्या घरून त्या वर्षी कोणी गेलं नव्हतं. झोपडी सरळ झाली होती म्हणे. गावातले लोक सांगतात, नव्या घरासारखी. शेकोटीला कोयत्यानं तोडलेल्या फांद्या होत्या, त्या पहाटेआधीच विझल्या. उजाडताना सायत्राबाई टोपली घेऊन झाडाखाली वाकली होती. मुखरूभाऊ पलीकडे शेकोटी पुन्हा पेटवायला काड्या तोडत होते. पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. मोठ्याचा आवाज झाला नाही. टोपली गडगडत आली म्हणून त्यांनी वळून बघितलं. मग धावले, आणि कोयता फेकला. डाव्या हातानं. तो मोहाच्या बुंध्याला लागून खाली पडला.

सरकारी माणसं आली, गावकरी ओरडले, काही दिवस जंगलात जायला बंदी झाली. मोह झाडाखाली सडला. त्यांचा मुलगा देवराव घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला. तो मोटरसायकलवर आला, बापाला सोबत चल म्हणाला. मुखरूभाऊ गेले नाहीत. त्यांनी पोतं अंथरलं. आता चैत नव्हता, कुठं जायचंही नव्हतं, तरी रोज अंगणात पोतं, त्यावर कुऱ्हाड आणि कोयता. मी यायची तेव्हा पाहुण्यांनी काय विचारलं हे ते विचारीत नसत. एकदा नुसतं म्हणाले, "कोयता याले असते म्हनत होतो ना मी? बराबर हाय. आलो मी."

असे बरेच महिने गेले. मग एका शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. तीच जुनी हाक.

"ये इकडं. न्याय कर."

मी समोर बसले.

"तू खोटं नाई बोलत. कुऱ्हाड असती त ओंडका फोडला असता. हात मोडला असता तरी फोडला असता. थो उजाडेलोक जळला असता का नाई?"

"जळला असता."

"मंग मोठा आला नसता."

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मला वाटलं, हा माणूस बायकोचं मरण स्वतःच्या हातानं रोज उचलतो आहे; हे ओझं मला काढता येईल. आणि मला जे माहीत होतं ते खरं होतं.

"आला असता, भाऊ," मी म्हटलं. "त्या वर्षी ओंडका जळत होता, तरी राखेत पाय देऊन गेला होता. तुम्हीच पुसला तो पाय. आठवते?"

"थो त शेकाले आला होता."

"त्या दिवशी भूक नव्हती त्याला. एवढंच."

ते कुऱ्हाडीकडे बघत राहिले. 

"म्हंजे माह्यं काई चुकलं नाई."

"नाही, भाऊ. काहीच नाही."

"म्हंजे मले काई करताच येत नव्हतं."

 कुंपणात एक कोंबडी अडकली होती, तिची फडफड ऐकू येत होती. मुखरूभाऊंनी हात पुढे करून कुऱ्हाडीचा दांडा थोडा सरळ केला, जसं कोणी झोपलेल्या लेकराचा पाय सरळ करतं.

"मंग एवढी वर्सं ह्या पोत्यापाशी बसून मी काय निवडून राह्यलो होतो, पोरी?"

मी बी.ए. आहे. त्यानंतर मी बाहेरून एम.ए.ही केलं. मला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही असं माझं फार वेळा झालेलं नाही. त्या दिवशी झालं. मी जे सांगितलं ते खरं होतं, आणि आज कोणी विचारलं तर तेच सांगेन. खोटा धीर द्यायला आमच्याकडे कधी काही जास्तीचं नव्हतं. पण चूक ही त्यांची शेवटची वस्तू होती. तिच्यात निदान एक कुऱ्हाड होती, जी नेता आली असती, आणि एक सकाळ होती, जिच्यात सायत्राबाई टोपली भरून उभी राहिली असती. तीही मी काढून घेतली.

त्यांनी दोन्ही अवजारं उचलली आणि भिंतीला टांगली. पोतं झटकून घडी केलं. त्यानंतर ते पोतं मी अंगणात पाहिलं नाही. मुखरूभाऊ रागावले नव्हते. मी गेले की "बस बाई" म्हणायचे, पाणी द्यायचे. बोलायचे धानाबद्दल, तलावाबद्दल, जे विचारलं तेवढंच. खर्राही सुटला. कॅम्पवर फोन येतच होते. एकीनं पुन्हा तेच विचारलं, कुऱ्हाड की सुरा. मी म्हटलं, काही आणू नका, लाकूड आम्ही देतो. हे मी मुखरूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "बराबर सांगितलं."

पुढच्या पावसाळ्यात ताप आला आणि ते खाटेवरच गेले. देवराव घुग्घुसहून आला, मीही सुट्टी काढून आले. आमच्या गावात माणूस गेला की त्याचं हातचं अवजार सोबत देतात. कोळ्याला जाळ्याचा तुकडा, गुराख्याला काठी. तिरडी बांधून झाल्यावर एका जाणत्यानं विचारलं, "मुखरूले कोनतं द्याचं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी कोयता म्हणालं, कोणी गप्प राहिलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "थो स्वताच म्हने ना बापा. राहाचं असन त कुऱ्हाड. आता राहाचंच हाय."

सगळ्यांना पटलं. देवराव घरात गेला, मी त्याच्या मागोमाग. खुंटीवर कुऱ्हाड होती, शेजारी कोयता. त्यानं दांडा धरून ओढला आणि दांडा त्याच्या मुठीत चुरला. उधईनं, म्हणजे वाळवीनं, आतून सगळा खाल्ला होता. वरची नुसती साल उरली होती. कुऱ्हाडीचं पातं त्याच्या पायाशी पडलं. त्यानं कोयत्याला हात घातला. तो गंजून खुंटीला चिकटला होता. ओढल्यावर मूठच सुटून आली, पातं तिथंच राहिलं.

देवराव हातातल्या भुशाकडे बघत उभा राहिला. "बानं तेल नाई लावलं काय याले? दर वर्सी लावत होता ना?"

मोडकं अवजार सोबत देत नाहीत.

बाहेरून हाक आली, "चला, आभाळ भरून राह्यलं." त्यानं हात धोतराला पुसले. आमची स्मशानभूमी तलावाच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी आहे. मुखरूभाऊ तिकडे पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी गेले.