घरी निघालेली बाई

मुलाकडे नॉर्वेला गेले होते तेव्हाची गोष्ट. नाशिकचा, इंदिरानगरमधला आमचा फ्लॅट विकायचा आणि मी कायमचं त्याच्याकडे राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं. फक्त माझं 'हो' राहिलं होतं, आणि ते मी रोज उद्यावर ढकलत होते. 'नाही' म्हणायलाही अंगात जोर लागतो हो. हे गेल्यापासून तो उरला नव्हता.

त्या रविवारी त्याने मला जुन्या खेड्यांचं म्युझियम दाखवायला नेलं. गावोगावची लाकडी घरं उचलून आणून टेकडीवर मांडलेली. छपरांवर चक्क गवत. दारं इतकी बुटकी, की वाकून वाकून माझे गुडघे बोंबलायला लागले. त्यात प्रत्येक उंबऱ्याशी मी सवयीने बूट काढायला जायचे आणि मुलगा म्हणायचा, "अगं आई, असू दे. इथे कोणी राहत नाही." कोणी राहत नाही म्हणे! चूल, पाळणा, खाटेवर पांघरूण, सगळं जागच्या जागी. मला उगाच रडू येत होतं.

शेवटच्या घरात मात्र एक बाई होती. डोक्याला रुमाल, पायघोळ घागरा. चुलीपुढे बसून भल्यामोठ्या तव्यावर पातळ रोट्या भाजत होती. देवळ्याला माहेरी खापरावर मांडे व्हायचे, तेवढी एकेक रोटी. मी बाकावर टेकले ती उठलेच नाही. तिने एक तुकडा दिला. मीठ बेताचंच, पण गरम होता. वाटलं, चला, एक तरी घर जिवंत आहे.

"आवडतंय ना तुला इथे?" मुलगा खूश. "मग कळवू त्या गिऱ्हाइकाला 'हो' म्हणून?"

तेवढ्यात म्युझियम बंद व्हायची घंटा झाली. बाईने चूल विझवली, आत गेली, जीन्स घालून आली, पाठीला सॅक अडकवली आणि आम्हाला हात करून भराभरा बसस्टॉपकडे निघाली. तिचं घर भलतीकडेच होतं की! तिची पाठ बघत मी बाकावरून उठले.

"मलाही घरी जायचंय," मी म्हणाले.

"हो गं, निघूच. दमलीस ना?"

"दमले रे. पण तुझ्या घरी नाही. माझ्या घरी."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "हेही तुझंच घर आहे ना, आई?"

"आहे रे राजा. पण तिला बघ, संध्याकाळ झाली की सुट्टी होते. मला इथे कधी व्हायची?"