चॅम्पियन भाऊजींचं भेव

आमच्या भाऊजींइतका भित्रा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही, पुढे होईल असंही मला वाटत नाही. आणि गंमत बघा, हेच गृहस्थ विदर्भाचे बॉक्सिंग चॅम्पियन! ताईशी लग्न ठरलं तेव्हा ठोसेबाज जावई बघायला सेलूत आमच्या दारापुढे ही गर्दी. आणि जावई कुठे? तर अंगणात एक मरतुकडं कुत्रं झोपलं होतं म्हणून फाटकाबाहेर उभे! पालीला भ्यायचे, इंजेक्शनला भ्यायचे. वीज कडाडली की नालवाडीच्या त्यांच्या घरातला रेडिओ, पंखा, दिवे सगळं बंद, आणि हे पलंगावर पाय वर घेऊन बसलेले. सगळ्यांत जास्त भ्यायचे ते माझ्या आईला. आई त्यांच्या कोपराला जेमतेम लागायची, पण ती समोर आली की यांची मान खाली. एकदा मी विचारलंच, "भाऊजी, रिंगमंदी भेव नाई लागत काय तुमाले?"

"लागते ना बे! म्हनून तर जिंकतो. समोरच्याचा हात आपल्याले लागन, या भेवानं मी आधीच मारून मोकळा होतो."

पण आणीबाणी उठली त्या साली खरोखरच भिण्यासारखं झालं. त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचायला लागले. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा नाजूक झालाय, आणखी एक जोराचा ठोसा बसला की डोळा गेलाच समजा. ताईनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी तह झाला, नागपूरची स्पर्धा ही शेवटची. त्यांच्या वजनगटातल्या कुणाचाही हात त्यांच्या तोंडापर्यंत पोचत नसे, एवढाच काय तो ताईला आधार. आईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, अशी ताईनं मला शपथ घातली, कारण ती हाय खाऊन बसली असती.

नेमका धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पोटभर गोडधोड घालायचं. आईनं निरोप धाडला, नागपूरला जाता जाता जेवून जा. दुसऱ्या सकाळी तिथे वजन व्हायचं होतं, म्हणून भाऊजी कितीतरी दिवस अर्धपोटी. ते आत गेलेले गाल बघून आईचा जीव कळवळला. पानात पुरणपोळ्या, त्यांवर तुपाची वाटी उपडी, वर अनारसे आणि पुन्हा पोळ्या. मी म्हटलं, "आई, उद्या त्यायचं वजन हाये."

"मंग बरंच हाये ना! वजन वाढलं त ठोसा दनकून बसन. घ्या जी जवाईबापू, धोंड्यात नाई म्हनू नये."

भाऊजींनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि मुकाट्यानं जेवले.

सकाळी नागपुरात वजनाचा काटा त्यांच्या गटाच्या वर गेला. भाऊजी घोंगडी पांघरून मैदानाभोवती धावले, थुंकून थुंकून तोंड कोरडं केलं, काटा ढिम्म! स्पर्धेचे चिटणीस म्हणाले, "वरच्या गटात खेळा, नाहीतर घरी जा." वरच्या गटात एक अवाढव्य गडी बसला होता. त्याचे हात बघूनच मी भाऊजींची घोंगडी ओढली.

"भाऊजी, चला घरी. डोळा जाईन तुमचा!"

"घरी जाऊन आईले काय सांगू? तुमच्या जेवनानं घात केला म्हनू? म्हातारीच्या जिवाले लागन रे."

तो सामना मला धड बघवलाच नाही. डोळे घट्ट मिटायचो, ठोशाचा आवाज आला की घाबरून उघडायचो. दोन फेऱ्या भाऊजी निसटत राहिले. तिसरीत जरा दमले, आणि त्या गड्याचा उजवा हात नेमका डाव्या डोळ्यावर बसला. पडले मात्र नाहीत. गुणांवर जिंकले! पंचांनी त्यांचा हात वर केला, लोक नाचत होते, आणि हे दोरापाशी येऊन मला हळूच विचारतात, "डावीकडचे दिवे गेले काय रे?"

दिवे लखलख पेटलेले होते.

डोळा गेला. आईला सांगितलं, खेळात लागलं. झालं! दर चतुर्थीला ती जावयाला घेऊन केळझरच्या गणपतीला जायला लागली. येताना बसमध्ये विचारायची, "काई फरक पडला काय जी?" तिला नाही म्हणायची यांची छाती कुठली! एकदा म्हणाले, "पडला ना आई. तुमचं पातळ हिरवं दिसून राह्यलं." पातळ हिरवंच होतं, बघितलं होतं उजव्या डोळ्यानं. मग दर चतुर्थीला त्यांना थोडं थोडं जास्त दिसू लागलं, आणि आई गावभर सांगत सुटली.

ती गेली, ती जावयाचा डोळा परत आला या समाधानात गेली. तिला अंगणात ठेवलं होतं. भाऊजी पायाशी बसून म्हणत होते, "आता मी कोनाले भेऊ जी?" मी त्यांच्या शेजारी बसलो. दिसायचं त्यांना एकाच डोळ्यानं, पाणी मात्र दोन्हींतून वाहत होतं.